‘उद्य४’ का होत नाही?

ऑफिसातला एक साधा निरोप घ्या: ‘सभा ३ वाजता’. सगळ्या टीमला पाठवायचा आहे, म्हणून त्याचा मसुदा सामायिक पानावर उघडलाय आणि तिघं एकाच वेळी त्यात शिरले आहेत. पुण्यातल्या बाईंना सुरुवातीला ‘उद्या’ हा शब्द घालायचा आहे. न्यू जर्सीतल्या सहकाऱ्याला तीनचे चार करायचे आहेत. तिसरे साहेब आहेत, ते नुसतं बघताहेत. असा एक जण प्रत्येक मसुद्यावर असतोच. दोघं एकाच क्षणी टाइप करतात आणि बघता बघता तिन्ही पडद्यांवर ‘उद्या सभा ४ वाजता’ असं उमटतं. कुणी कुणाला ‘जरा थांबा हं, मी लिहितेय’ म्हणत नाही आणि कुणाचं अक्षर हरवत नाही.

हे इतकं अंगवळणी पडलंय की यात काही नवल आहे असं वाटतच नाही. आपली समजूत अशी, की कुठेतरी एक पान आहे आणि आपण सगळे त्याच्याभोवती जमून त्यात लिहितोय. सर्व्हरवर एक प्रत असते हे खरं, पण तुम्ही जिच्यात लिहिता ती प्रत तुमच्याच कॉम्प्युटरवरची असते. बाईंची वेगळी, सहकाऱ्याची वेगळी, साहेबांची वेगळी. चारजण भराभर टाइप करत असतील आणि एखाद्या क्षणी सगळं जग गोठवून त्या प्रती शेजारी शेजारी ठेवल्या, तर त्या बहुधा जुळणारच नाहीत. त्या सारख्या फाटतात आणि सारख्या जुळतात. आपल्याला दिसतं ते फक्त जुळलेलं.

मुळात इतक्या प्रती ठेवायच्याच कशाला? कारण प्रकाशालाही वेळ लागतो. काचेच्या तंतूतून तो सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुण्याहून सॅन फ्रान्सिस्को अगदी जवळच्या वाटेनंही साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास पडतं. म्हणजे जायला सत्तरएक मिलिसेकंद आणि यायला तितकेच. त्यातून समुद्रातल्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, वाटेत यंत्रं लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ याहून जास्तच लागतो. बरा हात असलेला माणूस सेकंदाला पाच-सहा कळा सहज दाबतो. सर्व्हर तिकडे असेल आणि प्रत्येक अक्षर आधी त्याला विचारून मगच पडद्यावर उमटवायचं ठरवलं, तर लिहिणारा दोन ओळींत वैतागेल. म्हणून दाबलेली कळ स्वतःच्या पडद्यावर ताबडतोब उमटवायची आणि बाकीच्यांना मागाहून कळवायचं, हाच रस्ता उरतो. एकदा तो धरला की प्रती वेगळ्या होणार, हे ठरूनच गेलं.

त्याआधीची पद्धत सोपी होती: एकाच्या हातात फाइल, बाकीच्यांनी थांबायचं. ज्यांनी ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल खरी’ अशा नावांच्या फाइली मेलवरून फिरवल्या आहेत, त्यांना या पद्धतीबद्दल वेगळं सांगायला नको.

दोघांनी एकाच पडद्यात शिरण्याची हौस मात्र फार जुनी. ९ डिसेंबर १९६८ला डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत हजारएक लोकांसमोर आपली संगणक-व्यवस्था चालवून दाखवली. माउस लोकांना पहिल्यांदा दिसला तो तिथे. त्याच प्रयोगात पन्नासेक किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमधून बिल पॅक्स्टन हा त्यांचा सहकारी त्यांच्या पडद्यावर अवतरला. दोघं एकच मजकूर बघत एकमेकांशी बोलत होते. पुढे १९७३मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या यंत्रणेवर डग ब्राउन आणि डेव्हिड वूली यांनी ‘टॉकोमॅटिक’ नावाचा गप्पांचा कार्यक्रम लिहिला. त्यात समोरच्याचं अक्षर न् अक्षर, तो टाइप करत असतानाच, दिसायचं. भांडण होऊ नये म्हणून पडद्याच्या आडव्या पट्ट्या पाडल्या होत्या आणि ज्यानं त्यानं आपल्याच पट्टीत लिहायचं होतं. खरा प्रश्न सुरू होतो तो पट्ट्या पुसल्यावर.

तो आता जवळून बघू. त्यासाठी डोळ्यांनी वाचणं सोडून कॉम्प्युटरसारखं मोजावं लागेल. आपल्याला ‘सभा’ ही दोन अक्षरं दिसतात. युनिकोडच्या हिशेबात ती तीन चिन्हं आहेत: स, भ आणि काना. मग चौथी मोकळी जागा आणि पाचव्या जागी ‘३’. ‘उद्या’ तर त्याहून फसवा. डोळ्यांना दोनच अक्षरं, पण यंत्राला पाच चिन्हं दिसतात: उ, द, हलन्त, य, काना. त्याच्या पुढची मोकळी जागा धरून सहा.

बाईंच्या कॉम्प्युटरनं जगाला कळवलं: ‘अगदी सुरुवातीला ही सहा चिन्हं घाला.’ त्याच क्षणी सहकाऱ्याच्या कॉम्प्युटरनं कळवलं: ‘पाचव्या जागेवरचं काढा, तिथे ४ घाला.’ दोन्ही निरोप वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. सहकाऱ्याच्या पडद्यावर काही अडचण नाही, ‘सभा ४ वाजता’च्या आधी ‘उद्या’ येऊन बसला. बाईंच्या पडद्यावर मात्र ‘उद्या’ आधीच बसलेला आहे. तिथे पाचव्या जागी आता ‘३’ नाही, ‘उद्या’मधला काना आहे. निरोप जसाच्या तसा पाळला तर काना उडतो, त्या जागी ४ येतो, आणि बाईंसमोर उभं राहतं: ‘उद्य४ सभा ३ वाजता’. सहकारी समाधानानं लॅपटॉप मिटतो, आणि एकाच मसुद्याच्या दोन प्रती कायमच्या वेगळ्या होतात.

यावरचा तोडगा ऐकला की ‘एवढंच?’ असं वाटतं. बाईंच्या कॉम्प्युटरनं आलेला निरोप पाळण्याआधी विचार करायचा: हा निरोप निघाला तेव्हा तिकडे ‘उद्या’ नव्हता. दरम्यान मी सुरुवातीला सहा चिन्हं घातली. म्हणजे त्याला म्हणायची असलेली पाचवी जागा आता अकरावी झाली. निरोप बदलून घ्यायचा, पाचाच्या जागी अकरा करायचे, आणि मग पाळायचा. ‘उद्या सभा ४ वाजता’. मागच्या ठिकाणी झालेला बदल पुढच्याची जागा सरकवतो, पुढचा मागच्याची सरकवत नाही. दोघांनी एकच अक्षर खोडलं असेल तर दुसऱ्याचा निरोप सोडून द्यायचा, नाहीतर शेजारच्या निरपराध अक्षराचा बळी जायचा. दोघांनी नेमक्या एकाच जागी काही घातलं असेल तर कुणाचं आधी, हे आधीच ठरलेल्या नियमानं सोडवायचं, उदाहरणार्थ ज्याचा क्रमांक लहान त्याचं पहिलं. नियम कोणताही चालेल, फक्त सगळीकडे तोच हवा.

या युक्तीला ‘ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन’ म्हणतात, आणि ती १९८९मध्ये क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी मांडली. टेक्सासातल्या ऑस्टिनमध्ये ते ‘ग्रोव्ह’ नावाचा, अनेकांनी मिळून लिहायचा एडिटर बनवत होते. एलिस यांच्याबद्दल दोन वाक्यं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पंधराव्या वर्षी हा मुलगा शिकागोतल्या एका कंपनीत रात्रपाळीचा पहारेकरी होता. राखण करायची होती ती एका नव्याकोऱ्या कॉम्प्युटरची. त्याला हात लावायची परवानगी नव्हती, पण सोबतची माहितीपुस्तकं वाचायला कुणाची बंदी नव्हती. त्यानं ती रात्री जागून वाचून काढली. पुढे १९६९मध्ये संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले आफ्रिकन अमेरिकन ठरले.

आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग. ती युक्ती चुकीची होती. म्हणजे कल्पना बरोबर, पण सूत्रात खोट. तुमचा एक बदल आणि माझा एक बदल असेल तर सगळं सुरळीत. पण तुमचा एक निरोप वाटेत असताना मी लागोपाठ दोन बदल केले, तर काही वेळा प्रती जुळेनात. नव्वदच्या दशकात हे लक्षात आलं, दुरुस्त्या निघाल्या, त्यांच्या सिद्धता छापून आल्या. मग २००३मध्ये फ्रान्समधल्या नॅन्सी इथल्या संशोधकांनी या सिद्धता माणसाच्या भरवशावर न सोडता सिद्धता तपासणाऱ्या यंत्रापुढे ठेवल्या. यंत्रानं एकेक प्रतिउदाहरण काढून दाखवलं. नामांकित, वारंवार उद्धृत होणारी सूत्रं एकामागून एक पडली.

दुरुस्त केलेली ही सूत्रंही कुठे अडतात, ते आपल्याच निरोपात बघता येईल. समजा एकानं ‘३’ खोडला. त्याच वेळी दुसरीनं ‘३’च्या अलीकडे ‘दुपारी’ घातलं आणि तिसऱ्यानं ‘३’च्या पलीकडे ‘बरोबर’ घातलं. ‘३’ होता तोवर कोण अलीकडचं आणि कोण पलीकडचं, हे स्पष्ट होतं. तो गेला, आणि ‘दुपारी’ व ‘बरोबर’ एकाच बिंदूवर आले. आता आधी कोण? ज्या कॉम्प्युटरला खोडल्याची बातमी आधी पोचली तो एक उत्तर देईल, ज्याला शेवटी पोचली तो दुसरं. हे दोघांत होत नाही, त्याला किमान तिघं लागतात. तिघांच्या मिळून लिहिण्यात होणारे घोळ दोघांपेक्षा वेगळ्याच जातीचे असतात, हे कमिटीवर काम केलेल्या कुणालाही माहीत असतं. ते इथे गणितानं सिद्ध झालं.

व्यवहारात इंजिनिअर मंडळींनी यातून एक पळवाट काढली, आणि ती चांगली होती. झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात १९९५मध्ये ‘ज्युपिटर’ नावाच्या व्यवस्थेत त्यांनी ठरवलं की कुणी कुणाशी थेट बोलायचंच नाही. सगळ्यांनी फक्त सर्व्हरशी बोलायचं. मग कितीही माणसं असोत, प्रत्येक कॉम्प्युटरच्या दृष्टीनं गोष्ट दोघांचीच: मी आणि सर्व्हर. तिघांचा पेच उद्भवतच नाही. क्रम सर्व्हर ठरवेल तो.

गूगलनं २००९च्या मे महिन्यात ‘वेव्ह’ जाहीर केलं ते याच पायावर. गूगल मॅप्सचं बीज ज्यांनी रोवलं त्या लार्स आणि येन्स रासमुसेन या भावांची ही कल्पना, काम सिडनीत झालेलं. मेल, चॅट आणि सामायिक मसुदा हे तीन वेगळे कशाला हवेत, असा त्यांचा सवाल होता. संदेश एकदा लिहिला की तो सगळ्यांचा, कुणीही मध्येच शिरून दुरुस्त करावा. नियम कडक होता: तुमच्या कॉम्प्युटरनं एक बदल पाठवला की सर्व्हरची पोच येईपर्यंत दुसरा पाठवायचा नाही, तोवर जे टाइप होईल ते साठवून ठेवायचं आणि मग एकगठ्ठा पाठवायचं. यानं हिशेब पुष्कळ सोपा झाला. वेव्ह मात्र चाललं नाही. ऑगस्ट २०१०मध्ये गूगलनं त्यावरचं काम थांबवलं. माझा अंदाज असा की तंत्रापेक्षा शिष्टाचार आडवा आला. टाइप करताना आपण किती वेळा अडखळतो, ‘प्रिय’चं ‘माननीय’ आणि पुन्हा ‘प्रिय’ करतो, हे समोरच्यानं बघत बसावं असं फार थोड्यांना वाटतं.

पण वेव्हमधली विद्या वाया गेली नाही. २०१०मध्येच गूगल डॉक्सचा एडिटर नव्यानं लिहून बाजारात आला आणि त्यात हेच तंत्र आलं. त्याआधीचं डॉक्स, म्हणजे मूळचं ‘रायटली’, पानाच्या दोन अवस्था शेजारी ठेवून फरक शोधायचं. दोघं एकाच ओळीत असले की त्याची त्रेधा उडायची. डिसेंबर २००९मध्ये गूगलनं ‘ईथरपॅड’ विकत घेतलं होतं. प्रत्येक लिहिणाऱ्याच्या मजकुराला वेगळा रंग देणारा तो सुटसुटीत एडिटर पुढे सर्वांसाठी खुला केला गेला आणि आजही वापरात आहे.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना या सगळ्यात एक जादा काळजी आहे. हिशेब जागांचा आहे, म्हणून जागा सगळ्यांनी सारख्याच मोजल्या पाहिजेत. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ घ्या. युनिकोडमध्ये तो एकाच चिन्हानं लिहिता येतो, किंवा साधा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण एका कॉम्प्युटरनं परस्पर एकाचे दोन केले आणि दुसऱ्यानं केले नाहीत, तर त्या शब्दानंतरची प्रत्येक जागा एका घरानं चुकणार. अंगठा दाखवणाऱ्या इमोजीचंही तेच: काही संगणकभाषा तिला एक मोजतात, काही दोन. म्हणून मिळून लिहायच्या एडिटरमध्ये अलिखित नियम असतो, की मोजायचं कसं हे एकदा ठरवा आणि आलेल्या मजकुराला परस्पर हात लावू नका.

पुन्हा नॅन्सीला जाऊ. तिथल्या ज्या मंडळींनी जुन्या सूत्रांतली खोट काढली, त्यांच्यापैकी जेराल्ड ऑस्टर, पास्कल मोली आणि अब्देसमाद इमीन यांनी, पास्कल उर्सो यांना सोबत घेऊन, २००६मध्ये वेगळाच विचार मांडला. सगळा त्रास जागांच्या क्रमांकांचा आहे ना? मग क्रमांकच टाकून देऊ. त्याऐवजी प्रत्येक अक्षराला जन्मतःच एक नाव द्यायचं, जे कधीच बदलणार नाही. पुण्यात टाइप झालेलं पहिलं अक्षर ‘पुणे-१’, पुढचं ‘पुणे-२’. न्यू जर्सीतलं ‘जर्सी-१’. आता निरोप असा जातो: ‘पुणे-५ आणि पुणे-६ यांच्या मध्ये जर्सी-१ हे अक्षर घाला.’ अलीकडे-पलीकडे कितीही भर पडो, पुणे-५ हे पुणे-५च राहतं. आलेला निरोप बदलून घ्यायची गरजच संपली. सर्व्हरही लागत नाही. निरोप कोणत्याही वाटेनं, कोणत्याही क्रमानं येवोत, शेवटी सगळ्यांकडे तोच मजकूर होतो. विमानात बसून, नेट नसताना तीन तास मसुदा सुधारा, उतरल्यावर जोडा, तो मिसळून जाईल.

आणि खोडलेल्या अक्षराचं काय? ते काढायचंच नाही. फक्त लपवायचं. मघाचा ‘३’ पडद्यावरून गेला तरी प्रतीच्या पोटात आपल्या जागी बसून राहतो, आणि ‘दुपारी’ त्याच्या अलीकडचं, ‘बरोबर’ पलीकडचं, हे तो मुक्यानं सांगत राहतो. तिघांचा तो पेच असा सुटला. संशोधक या लपलेल्या अक्षरांना थडगी म्हणतात.

पुढे २०११मध्ये मार्क शापिरो, नुनो प्रेगिसा, कार्लोस बाकेरो आणि मारेक झाविर्स्की यांनी अशा रचनांचं सर्वसाधारण गणित मांडलं. या रचनांना ‘सीआरडीटी’ म्हणतात. आज ‘वायजेएस’ आणि ‘ऑटोमर्ज’ ही तयार साधनं कुणीही आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवू शकतो. थडग्यांचा पसारा किती होतो, याचा अंदाज मार्टिन क्लेपमन यांनी स्वतःच्याच लिखाणावरून दिला. एक शोधनिबंध लिहिताना त्यांनी दाबलेली प्रत्येक कळ नोंदवून ठेवली होती. सुमारे १ लाख ८२ हजार अक्षरं घातली, ७७ हजार खोडली, आणि निबंध उरला १ लाख ५ हजार अक्षरांचा. जगभरचे इंजिनिअर आपापल्या साधनाचा वेग तपासायला आता हीच नोंद वापरतात.

इथे ऑफिसातल्या मंडळींनी एक गोष्ट मनात टिपून ठेवावी. गूगल डॉक्समध्येही बदलांचा इतिहास राहतो, आणि ‘ड्राफ्टबॅक’सारखं साधन तो पहिल्या अक्षरापासून सिनेमासारखा चालवून दाखवतं. पान संपादित करण्याची परवानगी असलेल्याला तो बघता येतो. साहेबांबद्दल रागाच्या भरात लिहिलेलं आणि लगेच खोडलेलं वाक्य खोडलेलं असतं, गेलेलं नसतं.

सीआरडीटीलाही आपल्या व्याधी होत्याच. ‘नमस्कार’ या शब्दानंतर, दोघं ऑफलाइन असताना, एकीनं ‘मंडळी’ लिहिलं आणि दुसऱ्यानं ‘सर्वांना’. जोडणी झाल्यावर काही पद्धतींत ही दोन्ही शब्दांची अक्षरं पत्ते पिसल्यासारखी एकमेकांत घुसायची. नियम सगळे पाळलेले, सगळ्यांकडे मजकूर अगदी तोच, फक्त वाचता न येणारा. क्लेपमन आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये या दोषाकडे बोट दाखवलं आणि त्यानंतर तो टाळणाऱ्या पद्धती निघाल्या.

‘अनडू’चा किस्साही गमतीचा. एकट्याच्या फाइलीत अनडू म्हणजे शेवटचा बदल मागे. पण मिळून लिहिताना शेवटचा बदल बहुधा दुसऱ्याचाच असतो. तुम्ही आपली चूक मागे घ्यायला जावं आणि न्यू जर्सीतल्या माणसाचं वाक्य त्याच्या डोळ्यांदेखत उडावं, हे भांडणाला आमंत्रण. म्हणून अनडू फक्त तुमचाच शेवटचा बदल शोधतं, त्याच्या उलटा बदल तयार करतं, आणि दरम्यान इतरांनी जे केलं त्या सगळ्याचा हिशेब लावून तो उलटा बदल आजच्या पानावर बसवतं.

एवढं सगळं करून यंत्र नेमकी कशाची हमी देतं? सगळ्यांकडे शेवटी तीच अक्षरं, त्याच क्रमानं असतील, याची. बस. आपल्या पहिल्या मसुद्यात तीनचे चार करायचे आहेत हे बाई आणि सहकारी दोघांच्याही एकदम लक्षात आलं असतं तर? दोघांनी ‘३’ खोडला, तो एकदाच गेला. दोघांनी ‘४’ घातला, आणि दोन्ही राहिले. ‘सभा ४४ वाजता’. सर्व प्रतींत एकमतानं.

हे निदान हास्यास्पद दिसतं, म्हणून पकडलं जातं. याहून वाईट उदाहरण मराठीत फार सहज घडतं, कारण आपला नकार वाक्याच्या शेवटी येऊन बसतो. इमारतीच्या देखभाल विभागाचा निरोप आहे: ‘उद्या पाणी बंद राहणार’. तो चुकीचा आहे. दुरुस्ती आजच उरकली, उद्या पाणी असणार आहे. हे दोघांनाही कळलं. एकीनं ‘बंद’ खोडून ‘सुरू’ केलं. त्याच क्षणी दुसऱ्यानं शेवटी ‘नाही’ जोडलं. दोघांच्याही पडद्यावर, आपापल्या परीनं, वाक्य बरोबर झालं होतं. मग प्रती जुळल्या: ‘उद्या पाणी सुरू राहणार नाही’. दोन बरोबर दुरुस्त्या, एक निर्दोष जोडणी, व्याकरणही शुद्ध, आणि हाती आली ती सुरुवातीचीच चूक. ‘उद्य४’ बघून कुणीही थबकेल. इथे थबकण्यासारखं काही नाही, रहिवासी मुकाट्यानं बादल्या भरायला घेतील.

हा दोष कोणत्याही सूत्रानं जात नाही, कारण सूत्राला अक्षरं कळतात, पाणी कळत नाही. त्यावर सॉफ्टवेअरवाल्यांचा उपाय अगदी साधा आहे: दुसऱ्याचा कर्सर दाखवायचा. रंगीत रेघ, वर नावाची चिठ्ठी. त्या ओळीत आधीच कुणी आहे हे दिसलं की माणूस आपसूक हात आखडता घेतो किंवा बाजूच्या चॅटमध्ये विचारतो, ‘अहो, तुम्ही त्या वाक्यात आहात का? मग मी खालचा पॅरा बघतो.’ त्या रेघेची जागासुद्धा मघाच्याच हिशेबानं सतत सरकवावी लागते, नाहीतर तुमच्या नावाची चिठ्ठी भलत्याच शब्दावर फडफडत राहील. मजकूर जपून ठेवतात, पण या चिठ्ठ्या कुणी साठवत नाही.

ऑफिसच्या निरोपांत हे तंत्र आता उघडपणे शिरलंय. मायक्रोसॉफ्टच्या टीम्समध्ये चॅटमधून ‘लूप’चा तुकडा पाठवता येतो, एखादी यादी किंवा परिच्छेद, जो पाठवल्यानंतरही सगळ्यांना बदलता येतो, आणि तोच तुकडा मेलमध्ये चिकटवला असेल तर तिथेही बदललेला दिसतो. त्यामागच्या ‘फ्लुइड’ या व्यवस्थेतला सर्व्हर मजकूर वाचायच्या फंदात पडत नाही. आलेल्या प्रत्येक बदलावर अनुक्रमांक टाकायचा आणि सगळ्यांना वाटायचा, एवढंच त्याचं काम. जोडणी ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर होते. वेव्हचं जे स्वप्न होतं त्याचाच हा माफक तुकडा म्हणता येईल, आणि माफक आहे म्हणूनच बहुधा टिकलाय. आपल्या संदेशातली एखादी यादी दुसऱ्यानं दुरुस्त केली तर कुणाचं काही बिघडत नाही; अख्खा संदेशच दुरुस्त केला तर बिघडतं.

गूगलनं २०२२मध्ये दुसरं टोक धरलं. डॉक्समध्ये ‘ॲट’चं चिन्ह टाइप करून ईमेलचा मसुदा निवडला की पानावरच पत्ता, विषय आणि मजकूर यांच्या चौकटी येतात. त्यात हवे तितके लोक हवा तितका वेळ घुसळण करू शकतात, शेजारी शेरे लिहू शकतात. सगळ्यांचं समाधान झालं की कडेचं जीमेलचं बटण दाबायचं, आणि सगळा मजकूर मेलच्या खिडकीत जाऊन बसतो. ते बटण मात्र एकालाच दाबावं लागतं, आणि पत्र जातं ते त्याच्याच नावानं. ‘उद्या नेमकं पाणी आहे की नाही?’ असा उलट प्रश्न आला, तर तोही त्याच्याच इनबॉक्समध्ये येतो.